ज्या कराराला दंड नाही, तो पाळतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दरवर्षी हवामान परिषद भरते, हजारो माणसं दोन आठवडे एकत्र बसतात, शेवटच्या रात्री जागून काहीतरी मंजूर होतं आणि तरीही हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन वाढतंच राहतं. एखाद्या देशानं शब्द पाळला नाही तर त्याला शिक्षा काय? शिक्षा नसेल तर हा खटाटोप कशाला? संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं यात कुठे बसतात? आणि एखाद्या देशाची घोषणा खरी की नुसती हवा, हे बाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं?

शिक्षा नाही. हवामानावरच्या २०१५च्या पॅरिस कराराच्या १५व्या कलमाखाली एक समिती आहे, पण ती भांडणार नाही आणि दंडही करणार नाही, असं करारातच लिहून ठेवलंय. देशानं आपलं कपातीचं उद्दिष्ट कळवलंच नाही किंवा अहवाल दिलाच नाही, तर ती विचारणा करते, अडचण समजून घेते. उद्दिष्ट कळवलं, अहवालही दिला, फक्त उद्दिष्ट गाठलं नाही, तर या समितीला त्यात काही करता येत नाही.

देशांचे उत्सर्जन-अहवाल तपासणं हे माझं काम. त्यामुळे परिषदेतल्या भाषणांपेक्षा माझा संबंध एक्सेलच्या तक्त्यांशी जास्त येतो, आणि या उत्तराचा झुकावही तिकडेच असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

दंडाचा प्रयोग एकदा करून झाला आहे. १९९७च्या क्योटो करारात श्रीमंत देशांना आकडे बांधून दिले होते. २००८ ते २०१२ या काळात जो देश आपल्या वाट्यापेक्षा जास्त उत्सर्जन करील, त्याच्या पुढच्या काळातल्या वाट्यातून त्या जादा उत्सर्जनाच्या १.३ पट वजा होणार होते. कागदावर हा नियम चोख होता. अमेरिकेनं सही केली, पण करार मंजुरीसाठी सेनेटपुढे, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहापुढे, कधी नेलाच नाही, कारण असा करार नको हे सेनेटनं १९९७ सालीच ९५ विरुद्ध ० मतांनी सांगून टाकलं होतं. कॅनडानं १९९०च्या तुलनेत ६ टक्के कपात कबूल केली होती. ती होत नाही असं दिसल्यावर डिसेंबर २०११मध्ये त्यानं करार सोडत असल्याची सूचना दिली. बाहेर पडायला वर्षभराची सूचना पुरत होती. वजाबाकी करायची वेळ आली तेव्हा खातेदारच जागेवर नव्हता.

पॅरिसला २०१५मध्ये म्हणून गाडी उलट्या बाजूनं हाकली. किती कपात करायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं, दर पाच वर्षांनी नवं उद्दिष्ट द्यायचं आणि ते आधीच्यापेक्षा पुढचं असावं ही अपेक्षा. बंधन कशाचं? उद्दिष्ट कळवण्याचं, हिशेब देण्याचं आणि तो हिशेब परक्या तज्ज्ञांना तपासू देण्याचं. आकडा गाठण्याचं बंधन नाही.

हे किती जपून केलं होतं, ते शेवटच्या संध्याकाळच्या एका प्रसंगावरून कळतं. १२ डिसेंबरला अंतिम मसुदा हातात आला, तेव्हा चौथ्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात श्रीमंत देशांच्या कपातीबद्दल इंग्रजीत 'शॅल' पडलं होतं. करारांच्या भाषेत 'शॅल' म्हणजे करावंच लागेल, 'शुड' म्हणजे करायला हवं. आधीच्या मसुद्यांत 'शुड' होतं. 'शॅल' राहिलं असतं तर अमेरिकेच्या सरकारला करार सेनेटपुढे न्यावा लागला असता, म्हणजे पुन्हा क्योटोच. बैठक रखडली, कोपऱ्याकोपऱ्यांत घोळके जमले. मग सचिवालयाच्या अधिकाऱ्यानं छपाईच्या चुकांची यादी वाचून दाखवली. स्वल्पविराम आणि क्रमांकांच्या दुरुस्त्यांमध्ये 'शॅल'चं 'शुड' झालं. लगेच परिषदेचे अध्यक्ष लॉरां फाबियूस यांनी हातोडी आपटली, म्हणजे करार मंजूर. जगातला सगळ्यात मोठा हवामान करार एका क्रियापदावर तरला. हा बनाव होता की खरीच चूक, यावर आमच्या वर्तुळात अजून गप्पा रंगतात.

एवढी कसरत करावी लागते, कारण इथे मतदानच नाही. १९९२च्या मूळ हवामान करारासाठी कार्यपद्धतीचे नियम तयार झाले, त्यातला मतदानाचा ४२ क्रमांकाचा नियम आजतागायत मंजूर झालेला नाही. बाकीचे नियम १९९५पासून 'मसुदा' म्हणूनच वापरले जातात. त्यामुळे सगळं सहमतीनं. सहमती म्हणजे काय, हेही अध्यक्षाच्या हिमतीवर अवलंबून. २०१०मध्ये कानकूनला बोलिव्हिया शेवटपर्यंत 'नाही' म्हणत होता, तरी अध्यक्ष पॅट्रिसिया एस्पिनोसा यांनी एका देशाला नकाराधिकार नसतो असं सांगून निर्णय जाहीर केला. २०१२मध्ये दोहाला रशियाचा हात वर असताना हातोडी पडली. रशियानं पुढच्या वर्षी बॉनच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवरच अडून बसून एका समितीचं कामकाज बंद पाडलं.

मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत नसतं ते चौकटी कंसात टाकतात. नवखा माणूस मजकूर वाचतो, मुरलेला कंस वाचतो. दुसऱ्या आठवड्यात एका पानावर तीस-चाळीस कंस असतील तर समजायचं की ते प्रकरण मंत्र्यांकडे जाणार, किंवा 'पुढच्या सत्रात विचार करू' या वाक्याखाली गाडलं जाणार. एकाच वेळी अनेक खोल्यांत बैठका चालू असतात. मोठ्या देशाचा प्रत्येक खोलीत वेगळा माणूस असतो, छोट्या बेटाचे तीनच लोक धावत असतात. बेटांनी १९९० सालापासून एकत्र गट करून बोलायला सुरुवात केली ती याच गरजेतून, आणि १.५ अंशांची मर्यादा पॅरिसच्या मजकुरात आली त्यात त्या गटाच्या चिकाटीचा वाटा मोठा आहे.

आता माझ्या तक्त्यांकडे येतो, कारण शिक्षेच्या जागी जे आहे ते इथे आहे.

पॅरिस कराराखाली प्रत्येक देशानं दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल द्यायचा असतो; सगळ्यात गरीब देश आणि छोटी बेटं यांना तेवढी सवलत आहे. पहिल्या अहवालाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. ती बऱ्याच देशांनी चुकवली. अहवाल आला की वेगवेगळ्या देशांतले तपासनीस नेमले जातात. स्वतःच्या देशाचा अहवाल कुणाला तपासता येत नाही. ऊर्जा, उद्योग, शेती, जमीन-जंगल, कचरा असे विषय वाटून घ्यायचे आणि एकेक आकडा खणायचा.

एका देशाचं नाव न घेता सांगतो. कचराडेपोतून निघणाऱ्या मिथेनचा, म्हणजे हवा तापवणाऱ्या एका वायूचा, आकडा एका वर्षात जवळपास निम्म्यावर आला होता. आलेख पाहिला तर जिना उतरताना पायरी चुकावी तसा. अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला: जमिनीवर काही बदललं की कागदावर? डेपोवर वायू गोळा करायची नळयंत्रणा बसवली का? नाही. कचरा कमी झाला का? नाही. त्यांनी मोजायची पद्धत बदलली होती. आधी जुनं ढोबळ सूत्र वापरत, त्या वर्षापासून नवं. नवं सूत्र चांगलं होतं, गैर काही नव्हतं. पण नियम असा की पद्धत बदलली तर मागची सगळी वर्षंही त्याच पद्धतीनं पुन्हा मोजायची, नाहीतर पद्धतीतला फरक कपात म्हणून मिरवला जातो. मागची वर्षं का मोजली नाहीत, असं विचारल्यावर उत्तर आलं ते मी विसरणार नाही. हे काम करणारा सल्लागार प्रकल्पाचा निधी संपल्यावर निघून गेला होता. त्याच्या एक्सेल फाइलमधले दुवे तुटलेले होते. खात्यात हे काम बघणारी एकच अधिकारी, तिच्याकडे आणखी चार कामं.

देश आकड्यांत लबाडी करतात असा सार्वत्रिक समज आहे. माझ्या अनुभवात लबाडी क्वचित, मोजायला माणूस नसणं रोजचं. म्हणून कोणी 'क्षमताबांधणी' हा शब्द उच्चारला की मी विचारतो, कार्यशाळा घेणार की पगार देणार? तीन दिवसांची कार्यशाळा आणि पिशवीभर पुस्तिका यांतून मिथेन मोजला जात नाही.

जंगलाचा हिशेब त्याहून गुंतागुंतीचा. देश आपली 'व्यवस्थापित' जमीन कोणती ते स्वतः ठरवतात आणि तिथल्या झाडांनी शोषलेला सगळा कार्बन आपल्या खात्यात जमा करतात. त्यातला बराचसा, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे झाडं आपसूक जोमानं वाढली, म्हणून शोषलेला असतो. शास्त्रज्ञांची जागतिक प्रारूपं तो निसर्गाच्या खात्यात धरतात. या दोन हिशेबांत वर्षाला काही अब्ज टनांचा फरक पडतो. इथे कोणीच खोटं बोलत नाही, आणि तरीही 'निव्वळ शून्य', म्हणजे जेवढं सोडलं तेवढं शोषलं, या शब्दाचे दोन अर्थ होतात.

ही तपासणी दात नसलेली आहे, मान्य. पण बाहेरून मोजता येणं ही गोष्ट किती काम करते, ते ओझोनच्या करारात दिसलं. १९८७च्या मॉन्ट्रिअल करारानं सीएफसी, म्हणजे फ्रिज-फोममध्ये वापरले जाणारे आणि ओझोनचा थर विरवणारे वायू, टप्प्याटप्प्यानं बंद केले. त्या कराराची रचना मला आजही सगळ्यात शहाणी वाटते. रसायनांची यादी ठरलेली, तारखा ठरलेल्या, विकसनशील देशांना १० वर्षं जास्त, १९९०मध्ये त्यांच्यासाठी वेगळा निधी, त्या निधीच्या कार्यकारी समितीत दोन्ही बाजूंचे सात-सात सदस्य, आणि कराराबाहेर राहणाऱ्याशी त्या रसायनांचा व्यापार बंद. बाहेर राहणं महाग, आत येणं परवडणारं. जगातले सगळे देश आत आले.

आणि तरीही चोरी झाली. २०१०पासून सीएफसी-११चं उत्पादन जगभर शून्य असायला हवं होतं. पण हवेतलं त्याचं प्रमाण ज्या वेगानं घटायला हवं त्या वेगानं घटत नव्हतं. २०१२नंतर वर्षाला सुमारे १३,००० टन जादा वायू कुठून तरी येत असल्याचं २०१८मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियातल्या गोसान आणि जपानमधल्या हातेरुमा या केंद्रांच्या नोंदी वाऱ्याच्या दिशेशी ताडून पाहिल्यावर त्यातला मोठा भाग पूर्व चीनमधून येतो हे उघड झालं. फोम बनवायला हा वायू चोरून वापरला जात होता. चीननं छापे घातले, तपासण्या वाढवल्या आणि उत्सर्जन झपाट्यानं खाली आलं. कुठल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावं लागलं नाही. बेटावरच्या एका नळीनं हवा ओढली, एवढंच.

मग हवामानासाठी हीच रचना का उचलली नाही, असं लोक हमखास विचारतात. सीएफसी बनवणारे कारखाने मोजके होते आणि पर्यायी रसायन त्याच कंपन्यांना विकायचं होतं. कार्बन डायऑक्साइड प्रत्येक चुलीतून आणि इंजिनातून येतो. जिथे यादी छोटी होती तिथे हीच रचना पुढे वापरलीही: २०१६च्या किगाली दुरुस्तीनं एसी-फ्रिजमधल्या एचएफसी वायूंना त्याच कराराखाली आणलं. ती नीट पाळली गेली तर शतकाअखेर सुमारे अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळते असा अंदाज आहे. मिथेनच्या मोठ्या गळत्या आता उपग्रहातून दिसतात आणि संयुक्त राष्ट्रांकडून त्या त्या सरकारला सूचना जाते. बहुतेक सूचनांना अजून उत्तर येत नाही. पण वायू दिसतोय आणि कोणाचा तेही कळतंय, हे दहा वर्षांपूर्वी नव्हतं.

पैशाकडे वळलं की मात्र माझा सूर कडवट होतो. २००९मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करायचं वचन दिलं. ओईसीडी या श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या हिशेबानं तो आकडा पहिल्यांदा २०२२मध्ये ओलांडला गेला: ११५.९ अब्ज. सरकारी पैशातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग कर्जाचा होता. म्हणजे ज्याचं घर पुरानं वाहून गेलं त्याला मदत म्हणून हप्ता लावून दिला आणि मुद्दल दानाच्या खात्यात लिहिलं. 'हवामान निधी' कशाला म्हणायचं याची सर्वमान्य व्याख्याच नाही, त्यामुळे एकच रस्ता एका देशाच्या यादीत विकास असतो आणि दुसऱ्याच्या यादीत हवामान. २०२४मध्ये बाकूला २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचं नवं वचन निघालं. व्याख्या तीच, म्हणजे नाहीच.

पैसा आला तरी तो कुठल्या आकड्याला बांधलाय यावर सगळं ठरतं. क्योटोखालच्या कार्बन-क्रेडिट योजनेत, म्हणजे एकानं केलेली कपात दुसऱ्यानं विकत घेण्याच्या योजनेत, एचएफसी-२३ नावाचा वायू जाळल्यास क्रेडिट मिळे. एक टन एचएफसी-२३ म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड, असा त्या वेळचा हिशेब. हा वायू दुसरं एक शीतक-रसायन बनवताना निघणारा टाकाऊ पदार्थ. जाळायला फारसा खर्च नाही आणि क्रेडिटचे पैसे भरपूर. काही कारखाने टाकाऊ वायू जास्त निघावा अशा बेतानं मूळ रसायनाचं उत्पादन करू लागले. युरोपनं मे २०१३पासून ही क्रेडिट आपल्या बाजारात बंद केली. पॅरिसच्या सहाव्या कलमात आता निदान एवढं आहे की विकलेली कपात विकणाऱ्याच्या हिशेबातून वजा होते. बँकॉकमधल्या विजेवरच्या बसमुळे झालेली कपात स्वित्झर्लंडनं विकत घेतली, ती थायलंडला पुन्हा आपली म्हणून दाखवता येत नाही.

शाश्वत विकासाची उद्दिष्टं २०१५च्याच सप्टेंबरमध्ये मंजूर झाली: १७ उद्दिष्टं, १६९ लक्ष्यं, त्यात १३वं हवामानाचं. तिथे आढावा ऐच्छिक आहे. देश येतो, सादरीकरण करतो, टाळ्या पडतात. परका तपासनीस नाही, मागच्या वर्षांची पुनर्गणना नाही. त्यामुळे ती उद्दिष्टं मला दिशादर्शक पाटीसारखी वाटतात. पाटी लागते, पण पाटीला गाडीचा वेग मोजता येत नाही.

दोन्हीकडचे हिशेब कधी एकमेकांवर आदळतात. जगात अजून सुमारे २ अब्ज माणसं लाकूड, कोळसा, शेणी यांवर स्वयंपाक करतात. त्यांना गॅस मिळाला तर घरातला धूर थांबतो, बायकांची लाकडासाठीची पायपीट वाचते. सातव्या, म्हणजे सर्वांना स्वच्छ ऊर्जा मिळण्याच्या, उद्दिष्टाच्या दृष्टीनं हा शंभर टक्के फायदा. आता उत्सर्जनाचा तक्ता उघडा. लाकूड जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत. तुटलेल्या झाडांचा हिशेब जमिनीच्या प्रकरणात येतो असं गृहीत असतं. पण कुंपणाकडेच्या फांद्या कोण मोजतो? गॅसचा प्रत्येक किलो मात्र ऊर्जेच्या रकान्यात पडतो. चूल गेली, गॅस आला, आणि देशाचं ऊर्जा-उत्सर्जन कागदावर वाढलं. एखाद्या निधीच्या कचेरीत बसलेला माणूस फक्त तो रकाना बघत असेल तर 'जीवाश्म इंधनाला पैसे नाहीत' म्हणून प्रस्ताव परत पाठवतो. असे प्रस्ताव परत आलेले मी पाहिलेत.

मग या सगळ्याचा उपयोग झाला का? पॅरिसच्या आधी जग शतकाअखेर ४ अंशांच्या आसपास तापेल असा अंदाज होता. २०२५च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात सध्याच्या धोरणांनुसार तो आकडा २.८ अंश आहे. वाईटच, पण वेगळ्या प्रतीचं वाईट. याचं श्रेय परिषदांना देऊन टाकणं मला पटत नाही. सौर वीज २०१०पासून सुमारे ९० टक्क्यांनी स्वस्त झाली ती जर्मनीच्या अनुदानांमुळे आणि चीनच्या कारखान्यांमुळे. परिषदांनी केलं ते एवढंच, की सगळे एकाच दिशेला जाणार आहेत याची खात्री गुंतवणूक करणाऱ्यांना बऱ्यापैकी दिली.

शिक्षा नाही असं वर म्हटलं, ते करारापुरतं. कराराबाहेर ती दुसऱ्या दारानं येते आहे. युरोपनं पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खतं वगैरे आयातीवर कार्बनचं शुल्क १ जानेवारी २०२६पासून लागू केलं. तिथे तुमच्या कारखान्याचा खरा आकडा नसेल तर ठोक आकडा लावतात, आणि ठोक आकडा सहसा तुमच्या तोट्याचा असतो. २३ जुलै २०२५ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं, वानुआतू या प्रशांत महासागरातल्या बेटदेशाच्या पुढाकारानं विचारलेल्या प्रश्नावर, हवामानाबाबतची कर्तव्यं न पाळणं हे आंतरराष्ट्रीय कायद्याचं उल्लंघन ठरू शकतं असं मत दिलं. मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे. पण देशोदेशींच्या न्यायालयांत वकील ते वाचून दाखवणार, आणि पुरावा म्हणून देशानं स्वतःच सादर केलेले तक्ते पुढे करणार.

राहिला शेवटचा प्रश्न, घोषणा कशी ओळखायची. टक्केवारी नंतर बघा, आधी 'कशाच्या तुलनेत' ते बघा. '१९९०च्या तुलनेत ४० टक्के कमी' आणि 'काहीच केलं नसतं तर जेवढं झालं असतं त्यापेक्षा ४० टक्के कमी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यात उत्सर्जन वाढूनही उद्दिष्ट गाठता येतं. जंगल धरलंय की वगळलंय ते पाहा. परदेशी मदत मिळाली तर, अशी अट आहे का ते पाहा. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं कुठल्याच देशाच्या बेरजेत नसतात, तेव्हा 'संपूर्ण उत्सर्जन' हा शब्द आला तर थोडं थांबा. मग त्या देशाचा पारदर्शकता अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, कोणालाही मिळतो. प्रस्तावनेत मंत्र्यांचा फोटो असेल, तो ओलांडून 'पुनर्गणना' नावाचा भाग शोधा. मी तपासायला बसलो की तिथूनच सुरुवात करतो.